रेखाच्या कपाळावरचं कुंकू

जुळे सोलापूर, सोमवार संध्याकाळ

शेजारच्या रेखाला आज आम्ही बायकांनी शेवटची साडी नेसवली, हिरवी. नवऱ्यानंच गळा दाबला, तो कोठडीत. तरी तिची चुलतसासू म्हणाली, "अहेवपणी गेली की, कुंकू लावा." करंडा माझ्याच हातात होता. मी लावलं. का लावलं?

टेंभुर्णीहून आलेल्या तिच्या आईनं पदरानं ते पुसलं. "त्याच्या नावाचं नगं." मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून तिला लावली. "साळंत जाताना माझीच लावायची."

माझ्या बोटाचं कुंकू दोनदा धुतलं, जात नाही. गुरुवारीच रेखानं विचारलं होतं, "दोन दिवस तुमच्याकडं राहू का, वहिनी?" मी हसून म्हणाले, "अगं, नवराच आहे की तुझा."