पहिल्या नंबरावर उल्का

३ जून २०१३, सोमवार
पहिली नोकरी, यार. मानेसरला पार्ट्सच्या फॅक्टरीत ट्रेनी. पीजीची खोली छोटी आहे, पण खिडकीजवळचा पलंग माझा. दिल्लीत सरोजिनी नगरला घरी फक्त शनिवारी. आईने पोहे दिले, म्हणाली, देविका, बसमध्ये सगळ्यांना दे. गेटवर मशीनवर अंगठा ठेवला की हजेरी लागते आणि नाव येतं: देविका. एकदम ऑफिशियल वाटलं.

कंपनीच्या बसमध्ये सगळे फोनवर एकच गेम खेळतात. मडकी उडतात, ती अंगठ्याने फोडायची, बॉम्बला टच करायचं नाही. लिस्टमध्ये टॉपला आमच्याच सेक्शनची उल्का. ४,१२०. मराठीच आहे.

७ जून
माझे २,३००. कोणी विचारलंपण नाही. उल्का गप्पा मारत डाव्या अंगठ्याने खेळते आणि अख्खी बस तिच्या सीटवर वाकते. माझे पोहेपण तिनेच वाटले. थँक्यू तिलाच.
मला तेच पाहिजे. बिल्कुल तेच.

१४ जून
३,६००. अंगठा गुळगुळीत झालाय. मशीनने तीनदा रिजेक्ट केलं. चौथ्यांदा नाव आलं: उल्का. गार्ड म्हणाला, मशीन पुरानी है. उल्का मागेच उभी होती. ती हसली नाही. अजून किती राहिले, एवढंच विचारलं.

१९ जून
३,९८०. ड्रायव्हरने मला उल्काजी म्हटलं. मी करेक्ट केलं नाही. आवडलं मला.
ती आता खेळत नाही. अंगठ्याला तेल चोळत बसते. तुझ्या घरी शनिवारी काय करतात, विचारलं तिने. थालीपीठ, म्हटलं.

२१ जून
सकाळी बसमध्ये ४,१२१. सगळे ओरडले. उल्काने मिठी मारली, कानात म्हणाली, सुटले एकदाची. तिलाही म्हणे आधीच्या कोणा उल्काला हरवायचं होतं. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. कोणतं, ते तिलाच आठवत नाही.
लिस्टमध्ये टॉपला— उल्का, ४,१२१. पण तो माझा स्कोअर—
गेटवर तिने अंगठा ठेवला. नाव आलं: देविका.

२२ जून, शनिवार
घरी. बाथरूममध्ये बसून लिहितेय.
आईनेच दार उघडलं. ये ना उल्का, म्हणाली. देविका आत्ताच जेवायला बसलीय.
माझी खुर्ची. माझं ताट. थालीपीठावर लोण्याचा गोळा. आई तिच्या केसांवरून हात—
मला पाहुण्यांची प्लेट.
मला तेच पाहिजे. बिल्कुल तेच.
विचारलं तिला, स्कोअर किती आता. फोनपण नव्हता हातात. म्हणाली, सोडलं गं मी.
खेळतच नाही ती. मग हिला हरवायचं कशा—