दक्षिणेकडे तोंड

ठाणे, ३ नोव्हेंबर १९५५

चि. सुमतीस, अनेक आशीर्वाद.

बाबांसाठी इथल्या वेड्यांच्या इस्पितळात खाट रिकामी होत आहे. तिथले हेडक्लार्क प्रधान यांनी काल स्वतः घरी येऊन सांगितले. डिसेंबरपर्यंत ती राखून ठेवतील.

नाव वाचून तू दचकशील. मलाही लिहिताना बरे वाटत नाही. पण रोज संध्याकाळी बाबा 'हरीला उतरवून घ्यायचे' म्हणून स्टेशनवर जातात, रूळ ओलांडतात आणि शाळेतून दमून आलेली तू त्यांना शोधत फिरतेस. एखाद्या दिवशी ते सापडणार नाहीत. कचेरीत हल्ली रविवारीही बोलावतात, त्यामुळे गणपतीनंतर मला येणे झाले नाही. तुझे मत कळव आणि आमच्यावर राग धरू नकोस.

तुझा हरिहर

डोंबिवली, ६ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र बाबांनीच उघडले, उलटे धरून वाचले आणि अक्षर सुधारले म्हणाले. तुझ्या अक्षराला इतकी वर्षे नावे ठेवल्यावर हे ऐकायला मिळाले!

राग नाही, पण मला थोडा वेळ दे. बाबांच्या कवळीसाठी कल्याणच्या लिन नावाच्या चिनी दंतवैद्यांकडे गेले होते. लिनसाहेबांची आईही अशीच सगळे विसरते. तिच्याकडून ते रोज सकाळी अंगणात त्यांच्या देशातला जुना व्यायाम करून घेतात. गुडघे किंचित वाकवायचे आणि पाण्याखाली असल्यासारखे हात अगदी सावकाश वर न्यायचे, खाली आणायचे. गेलेली आठवण यातून परत येणार नाही, हे त्यांनी आपल्या तोडक्या हिंदीत स्पष्ट सांगितले. पण पाय स्थिर होतात, मन निवते. मी सगळे शिकून घेतले आहे. ते उभे राहतात तसेच बाबांना उभे करीन. तोवर प्रधानांना थोपवून धर.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी सुमती

ठाणे, २४ नोव्हेंबर

चि. सुमतीस, अनेक आशीर्वाद.

बाबा आठवडाभर स्टेशनकडे फिरकले नाहीत, हे तुझे कार्ड मी दोनदा वाचले. लिनसाहेबांनी दात सोडून डोके कधीपासून हाती घेतले, अशी थट्टा मी इथे करत होतो, ती मागे घेतो. तुझी वहिनी म्हणते, आता मलाही त्यांच्याकडे पाठवावे. असेच चालले तर खाट नको म्हणून सांगून टाकीन.

घरच्या सगळ्यांची तुला आठवण.

तुझा हरिहर

डोंबिवली, ४ डिसेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनींना दाखवू नकोस.

लिनसाहेब दक्षिणेकडे तोंड करून उभे राहतात, म्हणून मीही बाबांना तसेच उभे करत आले. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून काय करतात, हे माझ्या ध्यानातच आले नाही. काल शेजारच्या गंगुबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, की तुमचे वडील रोज पाणी कोणाला देतात?

आज मी नीट पाहिले. बाबांनी जानवे उजव्या खांद्यावर घेतले होते. हात खाली येताना तळवा अंगठ्याकडे कलत होता. ते तर्पण करत होते. आजोबांचे नाव घेतले, आईचे घेतले आणि शेवटी तुझे.

दादा ठाण्यात आहे, खुशाल आहे, असे मी परोपरीने सांगितले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नकोस. आता त्याची वाट बघायला नको."

म्हणून ते स्टेशनवर जात नाहीत. त्यांना पूर्वेकडे वळवून पाहिले, ते आपणहून पुन्हा फिरतात. रात्री शांत झोपतात, दोन घास जास्त जेवतात. तू समोर आलास आणि त्यांनी ओळखले, तर पुन्हा तुला शोधायला निघतील. नाही आलास, तर हे असेच चालेल. ये म्हणून लिहावे की येऊ नकोस म्हणून, मला सुचत नाही.

तुझी सुमती

ठाणे, ७ डिसेंबर

चि. सुमतीस, अनेक आशीर्वाद.

खाट नको, असे प्रधानांना आज कळवले. बाबा तुझ्याजवळच राहतील.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. मिशी काढली आहे आणि टोपी घालणार नाही. लिनसाहेबांकडे व्यायाम शिकणारे कोणी गृहस्थ आले आहेत, एवढेच बाबांना सांग. मी त्यांच्या शेजारी दक्षिणेकडे तोंड करून उभा राहीन आणि ते हलवतील तसे हात हलवीन. माझे नाव आले तरी थांबणार नाही.

फक्त तेवढा वेळ मला दादा म्हणू नकोस.

तुझा हरिहर