बुटांवरची स्वारी

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, दोन महिने झाले, ती पोरीला घेऊन माहेरी जाऊन बसलीय. तुझं ऐकेल, तूच तिची समजूत घाल." मी नुसतं "बघते" म्हटलं. तुझा आवाज चढला की मला नेमकं तेव्हाच काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. डायरीत तुझ्यावर हवं तितकं ओरडून घेते. पत्रात तसं करता येत नाही, आणि ते बरंच आहे.

आधी तुझ्या बाजूचं लिहिते. बबडीच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा तुझ्याइतकं दुसरं कुणीच हादरलं नव्हतं. पोटात दुखतं म्हणून ती सारखी कुरकुरायची, आलेले शब्द विसरायला लागली होती, आणि आई म्हणायची, "लाडावलीय, दुसरं काय!" तपासणीचा आग्रह तूच धरलास. मग पाण्याचं यंत्र बसवलंस, रंगीत खेळणी फेकलीस, भिंती खरवडून नवा रंग दिलास, दूधवालासुद्धा बदललास. बिचाऱ्या दूधवाल्याचा काय दोष होता, मला अजून कळलेलं नाही. बाहेरचा एकेक चोर तू पकडत होतास. हे मी उपहासाने लिहिलं का? थोडं. पण खोटं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "वडील काय करतात?" तू म्हणालास, "बॅटऱ्यांचं दुकान आहे." जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं तिथेच वितळवतोस, हे त्यांना तुझ्या बायकोनेच सांगितलं. बाईंनी सांगितलेलं इतकंच होतं: अंघोळ दुकानातच करून निघायचं, कामाचे कपडे आणि बूट तिथेच ठेवायचे, ते घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. दुकानाच्या मागे न्हाणीत नळ आहे. दाराला कडीसुद्धा आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून मलाही बोलावलंस आणि माझं बोलणं संपायच्या आत म्हणालास, "ताई, फळ्यावरचं शिसं वेगळं, दुकानातलं वेगळं." आई हसली. मलाही हसू आलं, कारण बोललास झकास. मग तू म्हणालास, "बाबा दुकानातून याच कपड्यांत घरी यायचे. त्याच धुळीवर तू शिकलीस, मास्तरीणबाई झालीस." ते खरं आहे. पण शेवटी शेवटी बाबांचं मनगट लुळं पडलं होतं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आणि आपण सगळे त्याला म्हातारपण म्हणत होतो, हेही खरं आहे. त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती रे.

तुझं मन का वळत नाही, यावर मी खूप विचार केला. आळस नाही, अडाणीपणाही नाही. आपल्या घरात बाप आला की पोरं धावत जाऊन त्याच्या बुटांवर उभी राहतात, त्याच्या मांड्यांना मिठी मारतात, आणि तो त्यांना तसंच दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालवत नेतो. आपल्याला बाबांनी दुसरे लाड कधी दाखवले? तेवढी एक स्वारी. त्यांना जवळ घेणं त्या बुटांवरच जमायचं, आणि तूही तेच शिकलास. आंघोळ करून, चपला घालून आलेला बाप तुला कुणीतरी पाहुणा वाटतो. हे मला समजतं. समजतं म्हणूनच राग जास्त येतो.

त्या दोघी जायच्या आदल्या संध्याकाळचं तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या बायकोने सांगितलं. तिने दारातच बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवले होते. आई आतून म्हणाली, "नवऱ्याला विसळून घरात घेणारी पहिलीच सून बघतेय!" तू म्हणालास, "मी काय उष्टं भांडं आहे का?" तेवढ्यात बबडी तुझ्या बायकोच्या हाताखालून निसटली आणि तुझ्या बुटांवर चढली. तिला खाली उतरवणं तुझ्या हातात होतं. तू बायकोकडे बघितलंस, आणि बायकोकडे बघत बघत पोरीला सगळ्या घरातून फिरवून आणलंस. ज्या फरशीवर ती दिवसभर बसते, सांडलेला घास उचलून खाते, त्या फरशीवरून. पोर खिदळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघून गेल्या. तू सगळ्यांना सांगितलंस, रुसून गेली.

ती रुसलेली नाही. ती माहेरीही नाही. त्या दोघी माझ्याकडे आहेत, पहिल्या दिवसापासून. तुला सांगितलं नाही, कारण तू आला असतास, तसाच, त्याच बुटांत, आणि बबडी धावली असती, आणि तिला अडवायची हिंमत माझ्यात नव्हती. आज सकाळी तिच्या दुसऱ्या तपासणीचा निकाल आला, म्हणून हे पत्र. रक्तातलं शिसं पुष्कळ उतरलंय. गेलेलं सगळं परत येईलच असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पण काल ती खिडकीत उभी राहून पावसाकडे बोट दाखवत एक अख्खं वाक्य बोलली. तुला वाटेल, आम्ही तिला कसलं तरी भारी औषध दिलं. औषध काहीच दिलं नाही, धाकट्या. जेवण तेच, पाणी नळाचं, माझ्या भिंतींना कित्येक वर्षांत रंग नाही. आम्ही फक्त तिला तुझ्यापासून लांब ठेवलं.

तरीही तुझीच,
ताई