रंगवलेला पोर्च आणि रिकामं गाणं

स्लेट क्रीक, केंटकी
६ मे १९८६

चि. ट्रेसास तुझ्या मॅमॉआजीचे अ. उ. आ. वि. वि.

आधी टपकली शेजारची ओमा, नेहमीसारखी न बोलावता, आणि तिच्या मागोमाग नॅशव्हिलहून तुझी रेकॉर्ड कंपनी. तुझ्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर माझा पोर्च येणार, म्हणून आठवडाभर खपून मी तो पांढराशुभ्र रंगवला होता. मोठे साहेब, प्रॅटर, गाडीतून उतरले आणि त्यांचं तोंड असं पडलं, की वाटलं वाटेत कुणी गेलं की काय. म्हणाले, बाई, हे गरिबाचं घर वाटत नाही. जन्म गरिबीत काढला, आणि ऐन परीक्षेत नापास! वॉशिंग मशीन झाकायला लावलं. मोडकी खुर्ची मात्र त्यांनी स्वतःच आणलेली. शहाणी माणसं, प्रवासात लागतेच. मग फोटोवाल्यानं माझ्या नव्या रंगाला चिखल फासला. ओमानं विचारलं, कोंबड्याही मळवून देऊ का.

साहेब म्हणतात, तुझ्या पॅपॉआजोबांचं गाणं रेकॉर्डवर नाही. खरं का गं? थांबते, बीन्स करपतायत.

माया आहेच, पत्र धाड.
मॅमॉ

नॅशव्हिल
१२ मे

ती. मॅमॉस सा. न. वि. वि.

इथं एक बाई मला माझीच बोली शिकवते. म्हणते, तू डोंगराकडची वाटत नाहीस. मीही फी भरून शिकतेय, दुसरं काय.

गाण्याचं खरं आहे. चर्चमध्ये पॅपॉ ओळ द्यायचे आणि सगळे ती ओढून म्हणायचे, तसं मी वाद्यांशिवाय गायले. साहेबांना ते रिकामं वाटलं. ड्रम घाल, नाहीतर काढ म्हणाले. ड्रमला मी नकार दिला, तर गाणंच गेलं. महिनाअखेर रेकॉर्ड छापायला जाईल. फार ताणलं तर त्यांनी मला घालायला लावलेली काउबॉय टोपी घालून माझ्या जागी गायला दुसरी तयारच आहे. तू त्यांना काही बोलू नकोस. तुझी जीभ मला ठाऊक आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.
ट्रेसा

स्लेट क्रीक
१९ मे

चि. ट्रेसास अ. उ. आ.

तुझी शपथ, मी एका शब्दानं बोलले नाही. पावसानं त्यांचा किमती चिखल धुऊन गेला, म्हणून परवा शनिवारी ते पुन्हा फोटोला आले. दारात आलेल्याला उपाशी कसं धाडणार? ओमाला आणि खाणीतून आलेल्या तिच्या चारही मुलांना हाक मारली, सगळ्यांना जेवायला बसवलं. आणि आपल्या घरात गायल्याशिवाय घास नाही, हे तू जाणतेसच. मी पॅपॉच्या गाण्याची ओळ दिली. त्या पोरांनी ती अशी ओढली की ताटल्या थरथरल्या. एकदा धरलं की मधे सोडायची रीत नाही, म्हणून अकराही कडवी झाली. बीन्स निवले. साहेबांचा मक्याचा पाव हातातच. डोळे पुसत म्हणाले, मिरची फार आहे. माझ्या बीन्समध्ये मिरची कधी असते?

मग विचारलं, हे कुणाचं गाणं, मिळेल का. ओमा म्हणाली, मिळेल की, तुमच्याच कचऱ्याच्या डब्यात. बिचारे तीन वाट्या जेवले, पण मान वर केली नाही. निघताना म्हणाले, रेकॉर्डिंगचं मशीन इथंच आणतो, ट्रेसानं तुमच्यात बसून गावं, ड्रम नको.

तेव्हा ये. टोपी तिकडेच ठेव. त्यांची मोडकी खुर्ची मी खिळे मारून धड केलीय, त्यांना कळवू नकोस.

पोटभर माया.
मॅमॉ

ता. क. साहेबांनी मशीन घेऊन यायचं कबूल केलंय पंचवीस तारखेला, रविवारी.