उजव्या पुठ्ठ्यावरचा डाग

बा, आज सकाळी मी एका परक्या पोरीवर उगाच खेकसले. सरकारी नोकरीवरची ती, गळ्यात ओळखपत्र, हातात चिमट्यासारखं यंत्र. माझ्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारायला आली होती. आता दर जनावराला नंबर असतो, तोही माझ्या पेन्शनच्या नंबरापेक्षा लांबलचक. तिनं काम चोख केलं, गाईच्या मानेवरून हात फिरवला, आणि जाता जाता सहज म्हणाली, "काकू, गाय दगावली तर बिल्ला जमा करा हं, त्याशिवाय नाव उतरत नाही." झालं. माझं डोकंच फिरलं. "आणि कापायचा कोणी? तू येशील का कापायला?" असं मी ओरडले, की शेजारची बाई फाटकात येऊन उभी राहिली. पोरगी गोंधळली. म्हणाली, कापायचं काही नसतं काकू, फोन करा, आम्हीच येतो. मग मी तिला चहा केला. ती चहा पिऊन गेली, आणि मी तेव्हापासून वही घेऊन बसले आहे, कारण माझा राग तिच्यावर नव्हता आणि ज्याच्यावर होता तो मरूनही कित्येक वर्षं झाली असतील.

तुला तो बांडा बैल आठवत असेलच. तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास, त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे जनावरांच्या चोरीचा बोभाटा झाला आणि तो नियम आला. प्रत्येक बैलाच्या उजव्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं आकडे उमटवायचे, आणि त्याचा रंग, शिंगं, दात असा सगळा हुलिया लिहून मालकाला चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नसेल तर बैल रस्त्यानं नेता येणार नाही. पाटलाकडे चाळीस जनावरं होती. त्यांचे डाग द्यायला साहेबलोक त्याच्या गोठ्यात आले आणि जेवून गेले. आपले दोन बैल तू तालुक्याच्या गावी घेऊन गेलास आणि दिवसभर उन्हात उभा राहिलास. लोखंड टेकलं तेव्हा बांडा गुडघ्यांवर बसला. घरी येईपर्यंत तू त्याच्या पुठ्ठ्यावर ओलं फडकं धरून चालत होतास, असं तूच सांगितलं होतंस.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात, जेठ महिन्यात, त्याला पान लागलं. सापाचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, असंच म्हणतात. कडब्याच्या गंजीशी बांधला होता, दुपारपर्यंत तोंडाला फेस आला आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. आपल्या घरात ढोर मेलं की पुढं काय होतं हे तुझ्या आजापासून ठरलेलं होतं. गावातलं कोणाचंही ढोर मरो, ते ओढायला आपणच, सोलायलाही आपणच. पण तू नागपूरहून आल्यावर सगळ्या वस्तीसमोर सांगितलं होतंस की आता मेल्या ढोराला आपला हात लागणार नाही. तर तू आणि वस्तीतले चौघे मिळून आपल्याच शेताच्या धुऱ्याशी खड्डा खणलात. मी उभी होते. बैलाला उतरवताना तू म्हणालास, "डाग खालून जाऊ द्या. मातीले दिसू दे, आभायाले नको." म्हणून त्याला उजव्या कुशीवर निजवला. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. नंतर आम्हाला ते किती महागात पडणार होतं, हे तुला आजही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी आपण दोघं तालुक्याच्या ऑफिसात गेलो. मी सातवीत, मला वाचता येतं म्हणून तू मला सोबत घेतलंस. मेलेल्या बैलाची चिठ्ठी जमा करून नाव उतरवायचं, एवढंच काम. नाव उतरलं की नव्या बैलाची चिठ्ठी मिळणार होती, आणि आत्यानं आपल्यासाठी एक गोऱ्हा राखूनच ठेवला होता. चिठ्ठी आली की तो आणायचा आणि मिरगाला जोडी तयार. मी आजही त्या टेबलासमोर उभी आहे. साहेब चिठ्ठी उलटीपालटी करतो आणि विचारतो, "कातडं कुठाय?"

तू म्हणतोस, "काढलं नाही साहेब. पुरला."

"डागाचा तुकडा आणावा लागते. नियम आहे. नाही तर बैल मेला का विकला, आम्ही कसं समजाचं?"

"गावानं पाह्यलं होतं साहेब. पोलीस पाटलाची सही आणतो. तुमी या, खड्डा पाहा."

"मी कायले येऊ? तुकडा आणा. तुम्हालेच तर येते ते काम."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू टोपी काढली नव्हतीस, हात जोडले नव्हतेस. अगदी सावकाश बोललास. "येत होतं. आता नाही येत. साहेब, माणसाच्या तोंडचा शब्द घ्या." साहेबानं दुसऱ्याची चिठ्ठी हातात घेतली. "शब्दाले कायचा नंबर असते?" असं म्हणून तो हसला, आणि त्याच्यासोबत बाकीचेही हसले.

बा, तो नियम मी पुढं मोठी झाल्यावर, मास्तरीण झाल्यावर, मिळवून वाचला. त्यात लिहिलंय की डागाचा तुकडा हजर करावा. कोणी काढावा ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच वाटली नसेल. ज्यानं तो लिहिला त्याला वाटलं असेल, कातडं आपोआप निघतं, जसा झाडाचा पाला गळतो. पण टेबलावरच्या माणसाला बरोबर ठाऊक होतं की ते कोण काढतं. आणि पाटलाचे बैल मेले तेव्हा? त्याच वर्षी दोन मेले. तोपर्यंत सोलायला कोणी जात नव्हतं, त्यानं गड्यांकडून पुरून टाकले. त्यांची नावं उतरली. त्याच्या शब्दाला नंबर होता म्हणायचा! हे मला त्याच्या सुनेनं पुढं शाळेत गप्पा मारता मारता सांगितलं, तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी खडू हातातच मोडला.

तू घरी आलास आणि वस्तीला सांगितलंस, मी नाही म्हणून आलो. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं. माय चुलीपुढे होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "नाही म्हणून आले. आता मिरगात जुवाले काय बांधता?"

"मले बांधीन."

"एक बैल अन् एक माणूस. मंग तिफन कोण धरते?"

साडेचार एकराला एका बैलाचा काय उपयोग, हे तुलाही कळत होतं. सावडीला ज्याला मागायचं, तो आपली पेरणी उरकल्यावर बैल देणार, तोवर ओल उडून जाते. दुसऱ्या दिवशी तू यवतमाळला गेलास, समाजातल्या एका शिकल्या माणसाकडून अर्ज लिहून घ्यायला. दोन दिवस लागतील म्हणालास.

तू गेलास त्या दुपारी मायनं फावडं काढलं, कुदळ काढली, आणि आढ्यात खोचलेली जुनी सुरी काढली. मी म्हटलं, माय, बानं शब्द दिला आहे. ती म्हणाली, "त्यायचा शब्द त्यायच्याजवळ राहू दे. मले कोणी इचारलं होतं काय? आणखी दोन दिवस गेले तं हातात काहीच येणार नाही." वस्ती झोपली होती. जेठातल्या दुपारी धुऱ्यावर कोण येतं? आम्ही खणत गेलो. चौथा दिवस होता, बा, आणि तो उन्हाळा. पुढचं मी लिहिणार होते, पण वासाबद्दल मला लिहिता येत नाही. खाली बैल दिसला तो डाव्या अंगानं. डाग उजवीकडे, त्याच्याच वजनाखाली. तू मोठ्या मनानं त्याला तसा निजवलास, आणि दोन बायांना तो उलटवता येत नव्हता.

मग माय खड्ड्यात उतरली आणि त्याच्या मागच्या पायांकडून कुदळीनं माती कोरत कोरत पुठ्ठ्याखाली हात जाईल एवढी जागा केली. मी वरचा पाय उचलून धरला. ती पोटावर निजली, खांद्यापर्यंत हात आत घालून सुरी चालवत राहिली. तिला काही दिसत नव्हतं, चाचपून कापत होती. लहानपणी बापासोबत जायची, हाताला सवय होती. मध्येच ती ओकली, तोंड पुसलं, पुन्हा हात आत घातला. मला म्हणाली, "तू सुरीले हात लावू नको. तू नुसती पाय धर." मी धरून राहिले. तुकडा बाहेर आला तेव्हा आकड्यांतला शेवटचा अर्धा सुटला होता. मायनं त्याला मीठ अन् राख चोळली आणि फडक्यात बांधला. आम्ही खड्डा होता तसा बुजवला. नाल्यातल्या झिऱ्यावर वाळूनं हात घासले. तिनं कोपरापर्यंत घासले, मग खांद्यापर्यंत, मग पुन्हा बोटांपासून.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराला जातो म्हणून आम्ही निघालो, चालतच गेलो. वाटेभर मी त्या अर्ध्या आकड्याच्या काळजीत होते. साहेब म्हणेल हा बैल तो नव्हेच, मग काय करायचं? ऑफिसच्या दारात आम्ही पोचतो न पोचतो तोच तो नाकाला रुमाल लावून ओरडला, "बाहेर! बाहेर ठेवा ते!" चिठ्ठी शिपायाकरवी आत मागवली. खिडकीतून विचारलं, "आणलं ना? झालं मग." आणि शिक्का मारला.

त्यानं पाहिलं नाही, बा. फडक्याची गाठसुद्धा सोडायला लावली नाही. त्या फडक्यात काय होतं? बैलाचा डाग होता की कोणाची फाटकी वहाण, त्याला काही कळायचं कारण नव्हतं. म्हणजे शेवटी त्यानं शब्दच घेतला. फक्त तुझा सरळ उभा राहून दिलेला घेतला नाही, मायचा नाक दाबायला लावणारा घेतला. त्याला पुरावा नको होता, आपण तो हातात घेऊन आलेलं त्याला पाहायचं होतं.

माय म्हणाली, "पाहा तं खरं साहेब. एवढं आणलं."

"नाही पाह्याचं. घेऊन जा."

मायनं ते फडकं ऑफिसच्या पायरीवर, अगदी मधोमध ठेवलं आणि चालू लागली. मागून शिपाई हाका मारत राहिला. ती थांबली नाही, मीही नाही. वेशीबाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "घरी बोलू नको."

तू यवतमाळहून अर्ज घेऊन आलास आणि त्याच दिवशी कोतवाल नव्या बैलाची चिठ्ठी देऊन गेला. मी तुझा चेहरा विसरलेली नाही. अर्ज अजून खिशात आणि चिठ्ठी हातात! तू मायला म्हणालास, "पाह्यलं? साहेबाले उमजलं. सरळ उभं राहून बोललं का माणूस आयकते." माय "हो" म्हणाली आणि तुला पाणी द्यायला उठली. गोऱ्हा आला, पेरणी वेळेवर झाली. त्या वर्षी जवारी चांगली पिकली.

आणि मग तू ती गोष्ट सांगत सुटलास. वस्तीत, सोयऱ्यांत, माझ्या लग्नात मांडवाखाली. तुझं ऐकून आपल्या शेजाऱ्यानं आपली म्हातारी गाय पुरली आणि ऑफिसात जाऊन सरळ उभा राहिला. त्याला शिव्या घालून हाकललं. तू त्याला म्हणालास, "तुले बोलता आलं नसन." तो मान खाली घालून गेला. त्या रात्री माय जेवली नाही, तुझ्या ते ध्यानातही आलं नाही. मला साहेबाचा राग आहेच, तो माझ्यासोबत जळेल. पण तुझाही येत होता. तुझा शब्द शाबूत राहिला तो कोणाच्या हातांवर? तू गोष्ट काढलीस की मी उठून जायची, आणि तुला वाटायचं, पोरगी मास्तरीण झाली, तिला आता गावच्या गोष्टी गोड लागत नाहीत.

माय तुझ्याआधी गेली, एक अक्षर न बोलता. तुझ्या शेवटच्या आजारात मी रजा टाकून आले होते. एका दुपारी मी तुला पेज भरवत असताना तू विचारलंस, "त्या साहेबानं माहं काहून आयकलं असंन वो?" इतक्या वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. खोलीत आपण दोघंच होतो. मायचं ते "घरी बोलू नको" तिच्यासोबत संपलं होतं, आणि माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, खड्डा, सुरी, पायरीवरचं फडकं, सगळं. मी चमचा पुसला आणि म्हटलं, "तू सरळ बोलला होतास ना, म्हणून."

तू मान हलवलीस आणि उरलेली पेज संपवलीस.

हे आज लिहून काढलं, पण तुला पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. सकाळपासून इतकी तणतणते आहे आणि शेवटी हे कबूल करावं लागतंय. तुला आख्ख्या आयुष्यात एकच साहेब भला भेटला, बा, आणि तो माझ्याच्यानं मारवत नाही.