पंचायतीतला सहावा

झिंज, बहरीन
शुक्रवार

प्रिय केल्विनराव,

सप्रेम जय येशू. तुमचा गुडघा, सॅब्रिनाची शुगर आणि वाडीतली केळी, तिन्हींची चौकशी एकाच वाक्यात उरकतो, कारण मला माझं सांगायचं आहे. आम्ही बरे आहोत. (आयरीन बरी आहे, मी बरा दिसतो.)

आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींची कमिटी तुम्हाला ठाऊक आहेच. वर्षातून एकदा सगळ्यांना झल्लाकच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि तिथे माझं भाषण ऐकवायचं, एवढंच तिचं काम. गेल्या महिन्यात सित्र्याला नोकरी करणाऱ्या सुजीतने टूम काढली की 'कमिटी' रुक्ष वाटतं, आपण 'पंचायत' म्हणू या. सगळे हो म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं. पण शब्द वापरायचा आणि मूळ माहीत नाही, हे माझ्याच्याने बघवेना. पंच म्हणजे पाच, पाच जाणती माणसं एकत्र बसून निवाडा करीत ती पंचायत, पाच म्हणजे पाचच, असं मी वीस मिनिटं समजावलं (थेट संस्कृतपर्यंत गेलो, परत आलो तेव्हा कुणी जागं नव्हतं). जागी होती फक्त सुजीतची बायको दीप्ती. हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर गोळ्या मोजते, इथे तिने माणसं मोजली.

"ह्युबर्ट अंकल, आपण तर सहा आहोत."

मी म्हणालो, अर्थ काळाबरोबर सैल होतात. सुजीतने शांतपणे आठवण करून दिली की पाच म्हणजे पाचच, हे मीच म्हणालो होतो. सहावा कोण, यावर मतदान झालं. पाच विरुद्ध एक. आकडासुद्धा शास्त्राला धरून. आता पंचायत दर शुक्रवारी माझ्याच हॉलमध्ये भरते (इमारतीत मोठा हॉल आमचाच) आणि मी चहा आणून देतो. झल्लाकचं भाषण यंदा सुजीत करणार. काय बोलणार, विचारलं.

"दोन मिनिटं, अंकल. मग खलास, जेवण."

अकरा वर्षांची परंपरा, केल्विनराव.

तुमचा साडू,
ह्युबर्ट

ता. क. तुमच्या ग्रामपंचायतीत तुम्ही नऊ सदस्य आहात ना? तेवढं लेटरहेडवर, सरपंचांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून पाठवा. झल्लाकच्या आधी हातात पडायला हवं.

ता. क. २. घाई करू नका. खालच्या मजल्यावरचा अझहर सांगत होता, अरबीत अशा मंडळाला मजलिस म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ बसायची जागा. जागा तर माझी. पुढच्या शुक्रवारी नाव बदलायला लावतो.

ता. क. ३. आयरीनला वाचून दाखवलं. फ्लॅटचा करार तिच्या नावावर आहे, तेव्हा मजलिस तिची, असं तिचं म्हणणं. आणि तिच्या मजलिसीत भाषण मफी (इथल्या अरबीत, 'नाही'). दाखला कुरिअरनेच पाठवा.