न उघडलेली पाकिटं

द्वारका, दिल्ली, १६ जानेवारी

ती. स्व. सुनंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू पूर्ण ऐकून न घेता रागावतेस, म्हणून लिहितो आहे. परवा इथल्या मराठी मंडळाचे तिळगुळाचे डबे घेऊन आपल्या पिकअपने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाकडे निघालो होतो. एका वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला टेकला. मी डोकं शांत ठेवून गाडी गोवऱ्यांच्या ढिगात घातली. गोवऱ्यांच्या मालकिणीने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेवढंच नुकसान.

गाडीच्या कंपनीची तीन पत्रं आली आहेत, पण मी उघडलेली नाहीत. दिल्लीत डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षं, आपली साडेनऊची. पाकिटात भंगाराचंच बोलावणं असणार. पत्र उघडलंच नाही, तर मिळालं असं कोण म्हणेल?

लोभ आहेच, राग आवरावा.
तुझा हरीश

पुणे, २२ जानेवारी

चि. हरीश यास,
अ. उ. आ.

निवृत्त झालास तरी फाइल दाबून ठेवायची सवय गेली नाही. गाडी भंगारात काढायला कंपनी कशाला तीन-तीनदा लिहील? आजच उघड.

आणि तुझ्या पत्रात डबे आहेत, गोवऱ्या आहेत, मालकीण आहे. मीनाक्षी कुठे होती? तिलाच लिहायला सांग.

रागावूनही तुझीच,
ताई

द्वारका, ३० जानेवारी

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी पुढेच बसले होते, मांडीवर डबा घेऊन. कपाळाला तीन टाके पडले. तुम्हाला कळवू नकोस, असं ह्यांनी बजावलं होतं.

तुमचं पत्र आल्यावर पाकिटं उघडली. पहिलंच दीड वर्षापूर्वीचं: या गाड्यांच्या ब्रेकची नळी फुटू शकते, फुकट बदलून देऊ, तोवर चालवू नका. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं, माझ्या टाक्यांकडे बघितलं आणि जेवले नाहीत. मीही जेवा म्हटलं नाही. फार राग आला होता मला.

गाडी टोचन करून वर्कशॉपला नेली होती. काल आम्ही दोघं तिथे गेलो, काम तासाभरात झालं. ह्यांनी दार उघडून धरलं आणि बसतेस का विचारलं. मी नाही म्हटलं. तर ज्या गाडीला वॉचमनलाही हात लावू देत नाहीत, ती तिथेच ठेवून हे माझ्याबरोबर मेट्रोने आले. जागा रिकाम्या होत्या, तरी माझी पिशवी छातीशी धरून द्वारकेपर्यंत उभे राहिले.

उद्या गाडी आणायला जायचं आहे. येताना मी पुढेच बसणार आहे. पण वर्कशॉपच्या दारापर्यंत ह्यांना ते सांगणार नाही.

माया आहे तशीच राहू द्या.
आपली मीनाक्षी